आधी पुसायचं, मग लिहायचं

स्क्रीनवर स्वतःच्या ओळखपत्राचा नंबर दिसला तेव्हा ती खरं तर दुसरंच काहीतरी बघत होती. ऑफिसात वापरायच्या सॉफ्टवेअर लायब्ररीची नवी आवृत्ती आली होती आणि ती जुनीसारखीच वागते की नाही हे तपासायचं काम तिच्याकडे होतं. कंटाळवाणं काम, डोळ्यांचं, डोक्याचं नव्हे. गेल्या दोन वर्षांत निरनिराळ्या वृद्धाश्रमांकडून आलेली सगळी माहिती पुन्हा एकदा नव्या लायब्ररीतून काढायची, त्या लायब्ररीने तयार केलेल्या क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला द्यायचे हुकूम, जुन्या क्वेऱ्यांशेजारी ठेवायच्या आणि कुठे फरक पडतो का ते बघायचं. फरक पडत नव्हता. डावीकडे जे होतं तेच उजवीकडे, ओळीमागून ओळ. सव्वाअकराच्या सुमारास कॉफीचा रिकामा कागदी पेला दातांत धरून ती एका हाताने पान खाली सरकवत होती आणि मनात घरच्या गळक्या गीझरचा विचार करत होती, तेव्हा एक ओळ वर आली आणि गेली. काय गेलं हे तिला कळायच्या आधी बोट थांबलं. तिने पान मागे सरकवलं. डिलीट, मग एक लांबलचक नंबर, मग 'मुलगी', मग दुसरा लांबलचक नंबर. त्या दुसऱ्या नंबरचे शेवटचे पाच आकडे गेली कितीतरी वर्षं ती दवाखान्याच्या, बँकेच्या, पासपोर्टच्या खिडक्यांवर एकाच ठेक्यात म्हणत आली होती. आत्ताही ते तिच्या तोंडात त्याच ठेक्यात आले. मग तिने पहिला नंबर पाहिला. तो बाबांचा होता.

पेला तिने टेबलावर ठेवला. काठावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.

काम सांगायला सोपं होतं. फार वर्षांपूर्वी, आई असताना, बाबांनी एकदा विचारलं होतं की तू नेमकं करतेस काय, आणि तिने रद्दी कागदावर टिंबं काढून दाखवली होती. हे टिंब म्हणजे एक म्हातारा. हे त्याचा मुलगा, हे सून, हे शेजारी. टिंबांना जोडणाऱ्या रेघा म्हणजे नाती. आश्रमातून असं जाळं येतं, त्याला ग्राफ म्हणतात. पण आमच्या डेटाबेसला जाळं समजत नाही, त्याला हुकूम लागतो, ही रेघ काढ, ती रेघ घाल. तर जाळ्याचे हुकूम बनवून देणारी एक तयार लायब्ररी असते, ती मी वापरते. बाबांनी तो कागद आडवा करून, उभा करून पाहिला. ते पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, सगळ्या शहराचे नळ त्यांच्या बोटांखालून गेलेले. 'म्हणजे नळाचाच नकाशा की,' ते म्हणाले. 'फक्त पाण्याऐवजी माणसं.' आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'माणसं कमी गळतात का?' आणि तिघंही हसली होती. दादा तेव्हा घरात नव्हता. दादा त्या वयात घरात नसायचाच, आणि आता तोच दर रविवारी आश्रमात जाणारा आणि ती न जाणारी, हे कसं उलटं झालं हे तिने पूर्वी बऱ्याचदा मनाशी मांडून पाहिलं होतं आणि दर वेळी दादाच्या नावावर काहीतरी जास्त निघेल अशा बेताने मांडलं होतं.

म्हणून पहिला विचार दादाचाच आला. त्याने काढून टाकलं. रीतसर अर्ज देऊन, फॉर्म भरून, सही करून. राग आला आणि त्या रागात थोडं बरंही वाटलं, थंडीत कुणी अंगावर शाल टाकावी तसं. म्हणजे आपण गेलो नाही याला काहीतरी कारण होतं. मागच्या बाजूने दारच लावून घेतलेलं होतं. ती या शालीत जेमतेम दोन मिनिटं बसली असेल. मग सवयीने तिने त्या क्वेरीमागची मूळ नोंद उघडली. अर्ज वगैरे काही नव्हता. बाबांना दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर हलवलं होतं, खोली बदलली म्हणून माहिती नव्याने भरली होती, आणि नव्या माहितीत संपर्काची एकच व्यक्ती होती. मुलगा. मुलीबद्दल कुणी काहीही म्हटलेलं नव्हतं. रेघ का काढली याच्या रकान्यात लायब्ररीने आपोआप लिहिलं होतं: नव्या ग्राफमध्ये उल्लेख नाही.

उल्लेख नाही म्हणजे काढ. ही लायब्ररीची मर्जी नव्हती. लायब्ररीत दोन पर्याय होते. एकात आलेल्या माहितीची जुन्या माहितीत नुसती भर पडायची. दुसऱ्यात जुनं सगळं पुसून, जे आलं तेवढंच खरं धरलं जायचं. कोणता पर्याय वापरायचा हे सहा वर्षांपूर्वी ठरलं होतं, आणि ते तिने ठरवलं होतं.

त्या वेळी खोलीत ती होती, मॅनेजर होता आणि मास्तर होते. मास्तर म्हणजे त्यांच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ प्रोग्रॅमर. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे म्हणून सगळे मास्तर म्हणत. तेव्हा भर घालण्याचाच पर्याय चालू होता आणि त्याने घोळ होत होते. वीस वर्षांपूर्वी घटस्फोट घेतलेल्या एका बाईला आश्रमातून फोन जायचा, तुमच्या मिस्टरांना ताप आलाय. गेलेल्या बायकांच्या नंबरावर फोन लागायचे आणि तो नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे असायचा. तक्रारी येत होत्या. ती म्हणाली, बदलून टाकू, आधी पुसायचं, मग लिहायचं, प्रत्येक वेळी पाटी कोरी. मास्तर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, 'अगं, माणूस फॉर्म भरताना एखादं नाव लिहीत नाही. घाईत असतो, चष्मा नसतो, ओळ संपते. म्हणजे त्याने नातं तोडलं असं धरायचं का आपण?' ती म्हणाली, 'मास्तर, घाई आणि चष्मा मशीनला कळत नाही. लिहिलंय किंवा नाही, एवढंच कळतं.' 'म्हणून तर तुला ठेवलंय ना इथे,' मास्तर म्हणाले. मॅनेजर हसला, कुणाच्या बाजूने ते कळलं नाही. ती मात्र तापली. तिने पाच मिनिटं फार चांगलं बोलून दाखवलं. संदिग्धता वगैरे शब्द वापरले. तिला आठवत होतं, बोलताना आपण उभ्या राहिलो होतो. जिंकल्यावर ती जेवायला गेली आणि दोन ताटं जेवली. पुढे वर्षभरात मास्तर नोकरी सोडून गेले. त्या वादामुळे नाही, पण त्या वादानंतर त्यांना कुणी काही विचारेनासं झालं होतं हे खरं. आत्ता तिने तो जुना कोड उघडला. पर्याय निवडण्याच्या ओळीवर मास्तरांनी लिहून ठेवलेली टीप अजून तशीच होती, सहा वर्षं तिच्यावरून कितीतरी लोकांचे डोळे गेले असतील. 'न सांगणं म्हणजे नाकारणं नव्हे. तरी सांगितल्याप्रमाणे केलं आहे.'

ती जिन्यात गेली आणि तिथून आश्रमात फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज गोड, धुऊन इस्त्री केल्यासारखा होता. तिने बाबांचं नाव सांगितलं, खोली तळमजला म्हणून सांगितलं, तब्येत कशी आहे विचारलं.

'आपण कोण बोलताय?'

'मुलगी.'

थोडा वेळ कीबोर्डचा आवाज. 'मॅडम, आमच्याकडे मुलगी दिसत नाहीये.'

'आहे. मीच.'

'सॉरी मॅडम. इथे फक्त एक मुलगा दिसतोय. माहिती देण्याची परवानगी नाही, असं येतंय.'

सिस्टिममधलं ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. शेवटी 'कृपया संबंधित नातेवाइकांशी संपर्क साधावा' असंही तिनेच लिहिलं होतं, आणि ती मुलगी ते आता वाचून दाखवत होती, प्रत्येक शब्द नीट. तिने आभार मानले. खालच्या मजल्यावर कुणीतरी जिन्याचं दार उघडून सिगारेट पेटवली आणि धूर वर आला. वीस महिने. शेवटची ती आश्रमात वीस महिन्यांपूर्वी गेली होती. त्या दिवशी बाबांनी ताटातलं अर्धं जेवण बाजूला सारून म्हटलं होतं, 'तुम्हा दोघांना मिळून माझ्यासाठी एक खोली नाही सापडली.' दादा तिथेच होता, तो गप्प बसला. ती गप्प बसली नाही. हा आश्रम तिनेच निवडला होता, कंपनीकडे सगळ्या आश्रमांचे आकडे होते, पडण्याचं प्रमाण, औषधांच्या चुका, नर्स किती, सगळ्यांत चांगला होता तो घेतला होता. तेच तिने पुन्हा सांगितलं, आकड्यांसकट. बाबा ऐकत होते की नाही कोण जाणे, एका कानाने त्यांना तेव्हाच कमी येत होतं. बाहेर व्हरांड्यात दादा म्हणाला, 'आज तरी नको होतं.' आणि तिने त्याला म्हटलं होतं, पायात बूट चढवता चढवता, त्याच्याकडे न बघता, 'तू मला काही सांगायची गरज नाही. बाबांचं काय ते मला आश्रमातून कळतं. आपण फोनबिन नको करू या उगाच.' त्यानंतर खरंच तिला कळत राहील असं ती धरून चालली. आपली रेघ तिथे आहे. काही झालं तर फोन येईल. फोन येत नाही म्हणजे ठीक आहे. या एवढ्यावर तिने सुट्ट्या घेतल्या, घर रंगवलं, जिमचं सदस्यत्व घेतलं आणि सोडलं, रात्री झोपली.

दादाने तिसऱ्या वेळी फोन उचलला.

'बोल.' मागे मशीनचा आवाज होता. त्याचा छापखाना आहे.

'बाबा कसे आहेत?'

मग तो बाजूला कुठेतरी गेला असावा, आवाज कमी झाला. 'आज कशी आठवण झाली?'

'दादा, नीट सांग. कसे आहेत?'

'चालतात. वॉकर घेऊन चालतात. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तेवढंच.'

'कुठलं ऑपरेशन?'

'कुठलं म्हणजे? गेल्या वर्षी पडले ते. तुला फोन गेला असेल ना आश्रमातून.'

'नाही आला.'

'असं कसं? मला आला दहा मिनिटांत. पडले की सगळ्यांना करतात ते.' तो थांबला. 'आम्ही समजलो तू येणार नाहीस. तुझी वहिनी म्हणाली, एकदा फोन कर तिला. मी म्हटलं, तिला कळलंय. तिनेच सांगितलंय सांगू नकोस म्हणून.'

'खोली बदलली तेव्हा फॉर्म तू भरलास?'

'भरला असेल. उभ्याउभ्याच भरला, त्यांची माणसं उभी होती सामान हलवायला. का?'

'माझं नाव नाही घातलंस.'

'एकच ओळ होती गं तिथे,' दादा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. दादाला खोटं बोलता येत नाही, लहानपणी तिच्याही चुका त्यामुळेच उघडकीला यायच्या. 'त्यांच्याकडे आधीची असतेच ना माहिती. तूच सांगायचीस, एकदा दिली की कायमची असते.' हेही खरं होतं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ते खरं होतं. मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, 'दवाखान्यात तीन दिवस दाराकडे बघत होते. कुणी आत आलं की मान वळवायचे. मग सोडलं त्यांनी ते.'

दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती गेली. बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि तासभर ती मनात वाक्यं जुळवत होती. मला कळलंच नव्हतं. मला कळवलंच नाही. कळवलं असतं तर. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि खरं असूनही ते तोंडात आलं की अर्जासारखं वाटत होतं. आश्रमाच्या दारात नाव लिहायची वही होती. 'कोणाकडे' आणि 'नाते' असे दोन रकाने. काउंटरवरची मुलगी तीच असावी, गोड आवाजाची. तिने ओळखलं नाही. यादीत नसलं तरी भेटता येतं, फक्त माहिती देता येत नाही, असं ती म्हणाली. म्हणजे बाबा दिसतील, पण कसे आहेत ते सांगता येणार नाही.

ते मोठ्या हॉलमध्ये खिडकीजवळ बसले होते. पुढे वॉकर. बाकीचे सातआठ जण टीव्हीकडे तोंड करून आणि बाबा टीव्हीकडे पाठ करून. ते इतके लहान झाले असतील असं तिला वाटलं नव्हतं. शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी होती. मात्र हात तेच होते. याच हातांनी ते दाढीच्या पात्याने ट्रेसिंगच्या कागदावरची शाईची रेघ खरवडून काढायचे, कागदाला भोक न पाडता, श्वास रोखून. ती लहानपणी टेबलाच्या कडेला हनुवटी ठेवून ते बघत बसायची आणि तिलाही श्वास रोखावा लागायचा. एक रेघ अशी खरवडून काढायला कधी कधी पाऊण तास लागायचा. आधी ते जाऊन बघून यायचे की तो नळ खरंच बंद झालाय का.

'बाबा.'

त्यांनी पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. 'ये,' ते म्हणाले. 'खुर्ची ओढून घे.'

तिने सांगायला सुरुवात केली. हळू आवाजात सांगत होती ते त्यांना पोचत नव्हतं, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, आणि मोठ्याने सांगितल्यावर टीव्हीसमोरच्या दोन म्हाताऱ्या मागे वळल्या. 'तुम्ही पडलात ते मला माहीत नव्हतं! मला फोनच आला नाही! माझं नाव यादीतून निघालं होतं!' शेवटचं वाक्य ती जवळजवळ ओरडली.

'ओरडू नकोस. ऐकू येतंय.' त्यांनी वॉकरची मूठ एकदा पकडली, सोडली. 'कोणी काढलं नाव?'

'कोणी नाही. आपोआप निघालं. कॉम्प्युटरने. आमच्याच.'

'तुझ्याच.'

'हो.'

'कधी?'

'चौदा महिने झाले.'

बाबांनी मान हलवली, जुन्या काळी हाताखालच्या माणसाचं काम तपासताना हलवायचे तशी. 'म्हणजे चौदा महिने तुला कॉम्प्युटरने पुसलं. बरं. आणि त्याआधीचे सहा?'

हे त्यांनी मोजून ठेवलं असेल असं तिच्या मनातही नव्हतं. तिने त्यांच्या वॉकरच्या रबरी पायांकडे पाहिलं. एक पाय बाकीच्यांपेक्षा जास्त झिजला होता. टीव्हीवर कुणीतरी जिंकलं आणि टाळ्या झाल्या. 'मी येणार होते,' ती म्हणाली, पण हळू, आणि ते त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं. त्यांनी 'काय?' असं विचारलं नाही.

थोड्या वेळाने काउंटरवरच्या मुलीने एक फॉर्म आणून दिला. नातेवाइकाचं नाव वाढवायचं असेल तर रहिवाशाची सही लागते. बाबांनी तो चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला. 'मुलगी असायला माझी सही लागते?' ते म्हणाले आणि हसले, आणि ते हसू आईच्या वेळचं होतं, क्षणभरच. मग तिने दिलेलं पेन घेऊन त्यांनी आपलं नाव नकाशावर लिहायचे तशा सुट्या, सरळ अक्षरांत लिहिलं, खाली सही केली. नात्याचा रकाना रिकामा ठेवला. कागद तिच्याकडे सरकवत ते म्हणाले, 'ते तू भर. तुझ्या लाइनीतलं आहे.' आणि वॉकर धरून उठले, त्यांची चहाची वेळ झाली होती. तिने आधार द्यायला हात पुढे केला. त्यांनी तो झिडकारला नाही आणि घेतलाही नाही. वॉकर पुढे, एक पाऊल, वॉकर पुढे, एक पाऊल, त्या वाटेत तिचा हात होता म्हणून ते जरा बाजूने गेले.

'अपडेट व्हायला दोनतीन दिवस लागतील हं मॅडम,' काउंटरवरची मुलगी म्हणाली. हे तिच्याच कंपनीचं काम, चाळीस सेकंद लागतात हे तिला माहीत होतं. ती 'बरं' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्याआल्या तिने मोजायला घेतलं. सहा वर्षांत, सगळ्या आश्रमांत मिळून, नव्या ग्राफमध्ये उल्लेख नाही म्हणून निघालेल्या रेघा. कुणी मागणी केलेल्या नव्हे, मृत्यू नोंदवलेल्या नव्हे, नुसत्याच निघालेल्या. अकराशे चाळीस. त्यांतले रहिवासी नंतर वारले असे किती, हे विचारायला आणखी एक ओळ लिहावी लागली, आणि ती लिहून झाल्यावर चालवायला तिने वेळ काढला. डेस्क पुसलं, कालचा दात लागलेला पेला टाकून दिला. दोनशे बारा. मुलगी, भाऊ, नात, पुतण्या, मित्र, बहीण. तिने छापून घेतली ती यादी, पाच पानं झाली, आणि ती घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेली. सहा वर्षांपूर्वी हसला होता तोच मॅनेजर. केस गेले होते, हसू तसंच होतं.

त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं. 'कुणी तक्रार केलीये का?'

'नाही.'

'सहा वर्षांत एकही नाही?'

'ज्यांना कळवलंच नाही ते तक्रार कशाची करणार?'

'तेच म्हणतोय मी.' त्याने पानांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. 'हे बघ, पुढचं तू दुरुस्त कर. पर्याय बदल, आजच बदल, माझी परवानगी आहे. नव्या आवृत्तीसोबत जाऊ दे, वेगळं काही लिहायला नको. मागचं नको उकरू.'

'माणसं वारली आहेत यांची. यांना माहीत नाही.'

'अशी कशी माहीत नसतील? कुठून तरी कळलंच असेल. सगळे काही...' तो थांबला. सगळे काही तुझ्यासारखे नसतात, असं म्हणणार होता का ते तिला कळलं नाही. त्याला तिच्या बाबांचं काही ठाऊक नव्हतं. 'आणि जिवंत आहेत त्यांच्या रेघा?' तिने विचारलं. 'परत घालू?' 'त्यांना विचारल्याशिवाय?' तो म्हणाला. 'काढलेलंच असेल कुणी मुद्दाम तर? तुला कसं कळणार कोणतं विसरलेलं आणि कोणतं नको असलेलं?' हा प्रश्न बरोबर होता, आणि तो त्याने सहा वर्षं उशिरा आणि चुकीच्या बाजूने विचारला होता. तिला मास्तरांना फोन करावासा वाटला. काय म्हणणार होती? तुमचं बरोबर होतं? ते त्यांना तेव्हाच माहीत होतं.

जागेवर येऊन तिने पर्याय बदलला. एक शब्द. मास्तरांची टीप तिने काढली नाही, तिच्या खाली काही लिहिलंही नाही. चाचण्या चालवल्या, सगळ्या पास होऊन हिरव्या झाल्या. मग ती पाच पानं घेऊन रिकाम्या मीटिंगच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. हे केल्याने नोकरी जाऊ शकते हे तिला ठाऊक होतं. असले नंबर असे वापरायचे नाहीत असं सांगणाऱ्या कागदावर तिची सही होती. पहिल्या ओळीत एक म्हातारा होता, एक्क्याऐंशी वर्षांचा, नऊ महिन्यांपूर्वी गेलेला. रेघ होती 'बहीण'. त्याच्या दोन महिने आधी निघालेली. तिने शेजारचा फोन नंबर लावला. पाचव्यांदा वाजल्यावर कुणीतरी उचलला. मागे नळ चालू होता, भांडी होती.

'बोला.'

तिने त्या माणसाचं नाव घेतलं आणि विचारलं, 'तुम्ही त्यांच्या बहीण का?'

'हो हो, आश्रमातून ना? अहो, मीच करणार होते फोन, तुमचाच आला. गुडघ्याने इतकं छळलंय की येणंच झालं नाही. वर्ष होत आलं असेल नाही? कसा आहे तो? जेवणावरून चिडतो का अजून?'

तिने सांगितलं. जुळवलेलं काही नव्हतं, म्हणून जसं आलं तसं सांगितलं, तीन वाक्यांत. नळ चालूच होता. मग तो बंद झाला आणि तिने फोन कानावर जास्त दाबून धरला. माफ करा, असं ती म्हणाली. ते पलीकडे पोचलं की नाही कळलं नाही.

'कधी?' बाईंनी विचारलं.

तिने कागदावरची तारीख वाचली.

'थांबा, लिहून घेते.' काहीतरी शोधल्याचा आवाज, खण उघडल्याचा, लागल्याचा. 'हं. परत सांगा. सावकाश सांगा.'

तिने सावकाश सांगितली. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष.

'वार कोणता होता?'

वार यादीत नव्हता. डेटाबेसात वार ठेवत नाहीत. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, ते या वर्षाचं होतं. मग फोन कानाशी धरूनच लॅपटॉप उघडला, मागच्या वर्षात गेली, महिना काढला, त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बोट वर नेत नेत नाव वाचलं.

'बुधवार,' ती म्हणाली.

'बुधवार,' त्या बाई म्हणाल्या. लिहीत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, 'बुधवारी तर मी घरीच असते हो.'